काट्शबर्गचा चढ: मोटारीचा रेडिएटर मूळचा ठेवावा की मोठा बसवावा?

#धागा #मोटारींचा_इतिहास

१/
१९१२ साल. ऑस्ट्रियातील काट्शबर्ग घाटाच्या चढावर एक रोल्स-रॉइस मोटार थांबली आणि प्रवाशांच्या भारासह पुन्हा हलेना. चालक होता जेम्स रॅडली, इंग्लंडमधील एक हौशी वैमानिक. अखेर काही प्रवाशांना खाली उतरवावे लागले, तेव्हा कुठे मोटार वर चढली. कंपनी या मोटारीची जाहिरात ‘जगातील सर्वोत्तम मोटार’ अशी करीत असे. त्यामुळे ही बातमी कारखान्यापर्यंत पोहोचली, ती केवळ एका गिऱ्हाइकाची तक्रार म्हणून नव्हे.

२/
पुढच्याच वर्षी कंपनीने त्याच स्पर्धेत स्वतःचा संघ उतरवला. त्या मोटारींचा रेडिएटर नेहमीपेक्षा मोठा होता. वास्तविक आदल्या वर्षी दगा दिला होता गिअरपेटीने, रेडिएटरने नव्हे. मग रेडिएटर का बदलला? या एका प्रश्नाच्या उत्तरात मोटारीच्या शीतकरणाचा बराचसा इतिहास सामावलेला आहे. आजही मोटारीचा छंद असलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडणाऱ्या कोड्याचे उत्तरही तिथेच सापडते: कारखान्याने दिलेला रेडिएटर ठेवावा, की मोठा बसवावा?

३/
प्रथम मूळ अडचण समजून घेऊ. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची सगळी ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचत नाही. ढोबळमानाने एक तृतीयांश कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर पडते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत उष्णता म्हणून साठू लागते. ती वेळच्या वेळी बाहेर काढली नाही तर वंगण पातळ होते, धातू फुगतो आणि दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकून बसतो. ही उष्णता पाण्याने उचलायची आणि हवेच्या स्वाधीन करायची. रेडिएटर म्हणजे या देवघेवीची जागा.

४/
आरंभीच्या मोटारींत अशी जागाच नव्हती. कार्ल बेंझच्या तीनचाकीत पाणी तापून उकळे आणि वाफ होऊन निघून जाई. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची पत्नी बेर्था बेंझ दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला या मोटारीने गेली. सुमारे शंभर किलोमीटरच्या त्या प्रवासात जिथे मिळेल तिथे थांबून पाणी भरावे लागले. इंधनाइतकीच पाण्याचीही चिंता वाहणारा तो प्रवास होता. इंजिनाची ताकद थोडी होती म्हणूनच ही रीत चालून गेली.

५/
ताकद वाढू लागली तशी रीत अपुरी पडली. १८९० च्या दशकात मोटारींना नळ्यांची वेटोळी आली. त्यांतून गरम पाणी फिरवून वाऱ्यावर निववायचे. पण नळी गोल, तिचा वाऱ्याशी संबंध थोडा आणि पोटात पाणी पुष्कळ. इंजिन मोठे केले की नळ्या वाढवायच्या, नळ्या वाढल्या की पाणी वाढायचे, पाणी वाढले की वजन वाढायचे आणि ते वजन ओढायला पुन्हा अधिक ताकद लागायची. ‘अधिक मोठा रेडिएटर’ हे उत्तर तेव्हाच एका मर्यादेला येऊन ठेपले होते.

६/
या चक्रातून वाट काढली ती विल्हेल्म मायबाखने. कानश्टाटच्या डाइमलर कारखान्यातील या अभियंत्याने १९०० मध्ये जो रेडिएटर सिद्ध केला, त्याला पुढे मधमाशांच्या पोळ्याची उपमा मिळाली. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या चौकोनी छेदाच्या ८,०७० आखूड नळ्या शेजारी शेजारी झाळलेल्या होत्या. नळ्यांतून हवा जाई आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या फटींतून पाणी उतरे. मागे एक पंखा होता, त्यामुळे मोटार सावकाश चालली तरी हवा खेचली जाई.

७/
परिणाम लक्षणीय होता. याआधी सुमारे १८ लिटर पाणी लागे, तिथे ३५ अश्वशक्तीच्या नव्या इंजिनाला ९ लिटर पुरू लागले. एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या आग्रहावरून बनलेल्या त्या मोटारीला त्याच्या मुलीचे नाव मिळाले: मर्सेडिस. मार्च १९०१ मध्ये फ्रान्समधील नीस येथील शर्यतींत तिने सर्वांना मागे टाकले. आदल्याच वर्षी नीसजवळच्या ला त्युर्बी चढावर डाइमलरच्या जुन्या, उंच आणि जड मोटारीच्या अपघातात विल्हेल्म बाउअर हा चालक मृत्युमुखी पडला होता. हलकेपणा ही तेव्हा केवळ हौसेची बाब राहिली नव्हती.

८/
मायबाखने दिलेला धडा पुढे शंभर वर्षे पुरला. रेडिएटरचे सामर्थ्य त्यात किती पाणी मावते यावरून ठरत नाही. पाणी आणि हवा यांची गाठ किती पृष्ठभागावर पडते, आणि त्या पृष्ठभागावरून किती हवा खरोखर वाहते, यावर ते ठरते. आकाराने मोठा पण हवेला अडवणारा रेडिएटर लहान रेडिएटरहून कमी थंडावा देऊ शकतो. पाणी अधिक मावले तर उकळी उशिरा येईल इतकेच. चढ लांब असेल तर ती आल्याशिवाय राहणार नाही.

९/
आता अटलांटिकपलीकडे. ऑक्टोबर १९०८ मध्ये हेन्री फोर्डची मॉडेल टी बाजारात आली. पहिल्या सुमारे अडीच हजार मोटारींना पाणी फिरवणारा पंप होता. त्यानंतर कंपनीने तो काढूनच टाकला. इंजिनाशी तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढेल, रेडिएटरच्या माथ्यावरील टाकीत जाईल, निवत निवत खाली उतरेल आणि पुन्हा इंजिनात शिरेल, अशी रचना केली. या पद्धतीला थर्मोसायफन म्हणतात.

१०/
ज्यांनी घरी पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब पाहिला आहे त्यांना हे चटकन उमगेल. विस्तव खाली असतो, तरी अधिक गरम पाणी मिळते ते वरच्या अंगाला. फोर्डने याच नियमाला पंपाचे काम दिले. फिरणारा भाग कमी झाला, गळण्याची एक जागा कमी झाली, किंमत कमी झाली. अट एकच होती: पाण्याची पातळी खाली जाता कामा नये. ती वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की साखळी तुटे आणि पाणी फिरणेच थांबे.

११/
इथे मूळचा की सुधारित या वादाला बाजार मिळाला. मॉडेल टीसाठी जोडपंप विकणारे पुष्कळ जण पुढे आले. ‘कारखान्याने काढले ते आम्ही परत देतो’ असा त्या व्यवहाराचा सूर होता. ज्याची मोटार उकळे त्याला हे पटणे स्वाभाविक होते. प्रश्न असा की उकळण्याचे कारण दरवेळी रेडिएटरच होता काय?

१२/
पुष्कळदा नव्हता. मॉडेल टीच्या सुकाणूच्या खाली ठिणगीची वेळ पुढेमागे करणारा एक दांडा असे. मोटार सुरू करताना तो मागे ठेवायचा आणि चालू झाल्यावर पुढे घ्यायचा. नवशिका चालक तो मागेच विसरे. ठिणगी उशिरा पडली की जळणाऱ्या वायूची उष्णता कामात न लागता सिलिंडरच्या भिंतींना आणि धुराच्या वाटेला तापवते. अशा मोटारीला पंप बसवणे म्हणजे ताप असलेल्या माणसाला नुसते वारा घालणे.

१३/
दुसरे कारण वयाचे. रेडिएटरच्या नळ्यांवर पातळ पत्र्याच्या पात्या झाळलेल्या असतात. हादऱ्यांनी आणि गंजाने ती झाळ सुटली की पाती नळीला नुसती टेकलेली राहते आणि उष्णता तिच्यापर्यंत पोहोचत नाही. आत क्षार साठून नळ्या अरुंद होतात, ते वेगळेच. अशा वेळी मूळचा रेडिएटर ‘अपुरा’ ठरवला जातो. खरे तर तो मूळचा उरलेलाच नसतो. जुन्या मोटारीत मूळचा आणि वाढवलेला यांची तुलना करताना ही चूक फार होते: नव्या सुधारित रेडिएटरची बरोबरी थकलेल्या मूळच्या रेडिएटरशी केली जाते.

१४/
मात्र फोर्डचा कारखाना मूळच्या आकाराला कवटाळून बसला, असेही नाही. १९१६ मध्ये पितळी रेडिएटर जाऊन काळ्या कवचाचा, अधिक पाणी मावणारा रेडिएटर आला. १९२३ मध्ये तो आणखी उंच झाला. १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक मॉडेल टी बनल्या आणि त्या काळात रस्ते, भार, वेग सगळेच बदलले. कारखान्याने दिलेली वस्तूही आपल्या काळाच्या गरजेनुसारच ठरत होती.

१५/
आता पुन्हा इंग्लंडकडे, रोल्स-रॉइसच्या डर्बी येथील कारखान्याकडे. सिल्व्हर घोस्ट या नावाने ओळखली जाणारी त्यांची सहा सिलिंडरची ४०/५० मोटार १९०७ मध्ये सुमारे १५,००० मैलांच्या चाचणीतून पार पडली. १९०८ मध्ये याच जातीच्या ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या मोटारीने मुंबई–कोल्हापूर चाचणीत सह्याद्रीचे घाट ओलांडून नाव मिळवले. पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांकडे गेली. म्हणजे चढ या मोटारीला नवे नव्हते.

१६/
पण इंग्रज गिऱ्हाइकाला हवी होती सहजता. गिअर वारंवार बदलावा लागणे हे त्याला मोटारीचे न्यून वाटे. या आवडीला अनुसरून कंपनीने चारऐवजी तीन गतींची पेटी दिली. १९११ मध्ये अर्नेस्ट हाइव्हज् याने लंडन ते एडिंबरा आणि परत असा सारा प्रवास केवळ सर्वांत वरच्या गिअरमध्ये केला. एका गॅलनला २४.३२ मैल असा हिशेब पडला आणि त्याच मोटारीने ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर ताशी ७८.२६ मैल वेग गाठला. इंग्लंडच्या रस्त्यांसाठी ही मोटार अगदी नेमकी होती.

१७/
काट्शबर्ग मात्र इंग्लंडमध्ये नव्हता. रॅडलीने खाजगीरीत्या मोटार उतरवली ती ऑस्ट्रियाच्या आल्प्स स्पर्धेत. तिथे केवळ वेग पाहिला जात नसे. इंजिन बंद पडले, चढावर मोटार थांबली, वाटेत रेडिएटर उघडून पाणी भरले, तर गुण जात. मोटार एकदाही मदत न घेता डोंगर ओलांडते की नाही, हीच परीक्षा होती. तीन गतींच्या पेटीतील सर्वांत खालचा गिअरही त्या उभ्या चढासाठी फार ‘वरचा’ ठरला. चाकांना पुरेसा जोर मिळेना.

१८/
उपाय उघड होता: चार गती आणि पुरेसा खालचा पहिला गिअर. तेवढ्याने मोटार चढली असती. पण चढता चढता उकळली असती का? इथे डर्बीच्या अभियंत्यांपुढचा खरा प्रश्न सुरू होतो. खालच्या गिअरमध्ये इंजिन वेगाने फिरते आणि मोटार हळू चालते. म्हणजे उष्णता वाढते आणि ती नेणारा समोरचा वारा कमी होतो. एक दोष दुरुस्त केला की त्याचा भार शेजारच्या भागावर पडतो.

१९/
त्यात उंचीची भर. काट्शबर्गचा माथा १,६४१ मीटरवर आहे. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंश सेल्सिअसने उतरतो. त्या माथ्यावर पाणी साधारण साडेचौऱ्याण्णव अंशांनाच उकळते. तेव्हाची शीतकरणव्यवस्था हवेला उघडी असे. पाणी ९० अंशांवर असेल तर मैदानात दहा अंशांची सवड होती. माथ्यावर ती साडेचार अंश उरली. शिवाय तिथली हवा सुमारे १५ टक्के विरळ, म्हणून उष्णता वाहून नेण्याची तिची ताकदही तितकीच उणी.

२०/
१९१३ च्या संघासाठी झालेले बदल या दृष्टीने पाहिले की त्यांची संगती लागते. चार गतींची पेटी आली. इंजिनाची ताकद सुमारे ६० वरून ७५ अश्वशक्तीपर्यंत वाढवली. ताकद वाढली म्हणजे उष्णता वाढली. म्हणून रेडिएटर उंच व मोठा झाला. त्याच्या माथ्यावर झाकणाच्या जागी एक निमुळते पात्र बसवले. पाणी उकळलेच तर वाफ त्यात अडून निवे आणि पाणी होऊन परत खाली येई. थेंबही बाहेर जाऊ नये, म्हणजे वाटेत पाणी भरण्याची वेळच येऊ नये.

२१/
कारखान्याच्या तीन मोटारी आणि रॅडलीची स्वतःची, अशा चार मोटारी १९१३ मध्ये आल्प्स चढून गेल्या. त्यांनी मिळवलेली पारितोषिके आणि लौकिक इतका मोठा होता की त्या घडणीच्या मोटारींना पुढे ‘अल्पाइन ईगल’ हे नाव चिकटले. १९१४ मध्ये रॅडली पुन्हा गेला आणि पुन्हा काट्शबर्ग चढला. दोन वर्षांपूर्वी जिथे प्रवासी उतरवावे लागले होते, त्याच घाटात.

२२/
इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत बोलका निर्णय मात्र स्पर्धेनंतरचा आहे. चार गतींची पेटी कंपनीने सर्वच मोटारींना दिली, कारण चढ कुणाच्याही वाटेत येऊ शकतो. आल्प्सच्या मोटारींची बाकीची घडण मात्र ‘काँटिनेंटल’ या स्वतंत्र नावाने, ज्यांना युरोपचे डोंगर ओलांडायचे होते त्यांच्यासाठी विकली गेली. एकाच कारखान्याने साधी आणि वाढवलेली, दोन्ही घडणी योग्य मानल्या. फरक होता तो मोटार कुठे जाणार, याचा.

२३/
सर्वांनाच मोठा रेडिएटर का देऊ नये? कारण त्याची किंमत केवळ पैशांत मोजायची नसते. तो जड असतो, वाऱ्याला अधिक अडवतो आणि थंड हवेत इंजिनाला लवकर तापू देत नाही. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, वंगण घट्ट राहते, झीज वाढते. थंड देशांतले मोटारमालक हिवाळ्यात रेडिएटरवर कातडी आच्छादन घालीत ते यासाठीच. पुढे थर्मोस्टॅट आला: पाणी पुरेसे तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती आल्यावर मोठ्या रेडिएटरचा हा दोष बराच सौम्य झाला. पण झडप काढून टाकली तर तो जसाच्या तसा परततो.

२४/
त्यानंतरची मोठी सुधारणा रेडिएटरमध्ये नव्हे, त्याच्या झाकणात झाली. स्प्रिंगची झडप असलेले झाकण व्यवस्थेतला दाब बाहेरच्यापेक्षा वाढू देते. हा वाढीव दाब सुमारे एक वातावरणाइतका असेल तर पाणी जवळजवळ १२० अंशांपर्यंत उकळत नाही. डर्बीच्या अभियंत्यांनी ज्या साडेचार अंशांसाठी एवढा खटाटोप केला, त्याच्या कितीतरी पट सवड एका तळहाताएवढ्या झाकणाने मिळते. म्हणूनच झाकणाचे रबर कडक झालेले असेल तर नवा रेडिएटरही उकळतो. आणि म्हणूनच गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये: दाब सुटताच आतले पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते.

२५/
आता धातूचा वाद. तांबे उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा चांगली वाहते. शुद्ध धातूंत हे प्रमाण साधारण ४०० ला २३५ असे पडते. मग ‘सुधारित’ रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचा का? कारण जुन्या रेडिएटरात पात्या तांब्याच्या, पण नळ्या पितळेच्या आणि सांधे कथिल-शिशाच्या झाळीचे असत. पितळ आणि झाळ दोन्ही तांब्यापेक्षा बरेच मंद. ॲल्युमिनियमच्या नळ्या मात्र रुंद ठेवता येतात आणि पात्या त्यांना थेट सांधल्या जातात. वजनही कमी. मायबाखचाच नियम इथे पुन्हा भेटतो: धातूच्या कीर्तीपेक्षा गाठ पडणारा पृष्ठभाग महत्त्वाचा.

२६/
अमेरिकेत १९६० च्या सुमारास शेव्हरोले कॉर्व्हेटच्या जोरकस इंजिनांना ॲल्युमिनियमचा रेडिएटर मिळू लागला. पुढे ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या ही घडण जगभर साध्या मोटारींतही रुळली. म्हणजे एका पिढीचा ‘वाढवलेला’ रेडिएटर पुढच्या पिढीत ‘मूळचा’ झाला. या दोन शब्दांना कायमचा अर्थ नाही. दोन्ही त्या त्या काळाचे आहेत.

२७/
महाराष्ट्राच्या रस्त्यांवर हा इतिहास मागच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला. मुंबई–पुणे रस्त्यावरील बोरघाटातून १८३० मध्ये गाडीरस्ता खुला झाला. विसाव्या शतकात तिथेच बॉनेट उघडून, वाफ ओसरण्याची वाट पाहत उभ्या असलेल्या मोटारी हे उन्हाळ्यातले नेहमीचे दृश्य होते. कुर्ल्याला बनणारी प्रीमिअर पद्मिनी मूळची इटलीची फियाट ११००. अँबेसेडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. दोघींच्या रेडिएटरांची जन्मभूमी थंड होती.

२८/
यातला हिशेब सोपा आहे. रेडिएटर किती उष्णता टाकतो ते पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील अंतरावर ठरते. पाणी ९० अंश आणि हवा ३० अंश असेल तर अंतर ६०. विदर्भातल्या मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की अंतर ४५. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण सामर्थ्य एक चतुर्थांशाने घटले. त्यावर घाटाचा चढ, पाच माणसे आणि टपावर सामान. शिवाय पंखा पट्ट्याने इंजिनाला जोडलेला. गर्दीत इंजिन मंद झाले की पंखाही मंद.

२९/
पुढे अशा जुन्या मोटारींना वातानुकूलन बसवण्याची हौस आली. त्याची उष्णता टाकणारी जाळी रेडिएटरच्या पुढ्यात बसते. म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली, वाट अडलेली, आणि इंजिनावर नवा भार. इथे अधिक रांगांची जाळी किंवा विजेचा जोडपंखा मागणे रास्त होते, कारण मोटारीला विचारलेला प्रश्नच बदलला होता. डर्बीत १९१३ मध्ये जे घडले तेच हे.

३०/
या सगळ्यातून निर्णयाचा क्रम हाती येतो. मोटार पूर्वी उकळत नसे आणि आता उकळते, तर काहीतरी बिघडले आहे: झाकण, थर्मोस्टॅट, पट्टा, पंखा, तुंबलेली जाळी, चुकलेली ठिणगी. तिथे मूळचा रेडिएटर मूळ स्थितीत आणणे हेच उत्तर. मोठा रेडिएटर बसवला तर खरा दोष काही काळ झाकला जातो, आणि पुढे तो अधिक महाग पडतो. गर्दीत उकळते पण मोकळ्या रस्त्यावर नाही, तर हवा खेचण्याचा प्रश्न आहे, पंखा पाहावा. वेगात उकळते पण उभी असताना नाही, तर जाळीच्या सामर्थ्याचा किंवा पाण्याच्या प्रवाहाचा संशय घ्यावा.

३१/
याउलट मोटारीत काहीच बिघडलेले नाही, पण तिचे काम बदलले आहे, म्हणजे इंजिन जोरकस केले, मागे ओझे जोडले, वातानुकूलन बसवले, मैदान सोडून डोंगरात मुक्काम हलवला, तर मूळच्या रेडिएटरकडून जुनेच उत्तर मागणे अन्यायाचे आहे. तिथे मोठा रेडिएटर हा चैनीचा भाग राहत नाही. मात्र तो बसवताना हवा आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वाट, पंखा आणि झाकण यांचाही विचार त्याच वेळी व्हायला हवा.

३२/
रॅडलीची मोटार १९१२ मध्ये वाईट नव्हती. लंडन ते एडिंबरा या प्रश्नाचे ती अचूक उत्तर होती. काट्शबर्गने तिला दुसराच प्रश्न विचारला. अपयशानंतर डर्बीच्या अभियंत्यांनी एकच मोठा भाग आणून बसवला नाही. मोटार कुठे अडली, का अडली आणि तो अडथळा दूर केल्यावर नवा भार कुणावर पडेल, हे त्यांनी क्रमाने पाहिले. त्या क्रमात रेडिएटरचा नंबर दुसरा होता. बॉनेट उघडून उभ्या असलेल्या कुणालाही आज तोच क्रम उपयोगी पडेल.

(धागा समाप्त)